दोन शब्दांची हाक

मौनीबाबाचा हा नववा क्लब. बारा वर्षांत नऊ क्लब म्हणजे बिऱ्हाड पाठीवरच. बायकोनं पडदे शिवणंच सोडून दिलं होतं, कारण पुढच्या घराच्या खिडक्या मागच्या मापाच्या कधी निघतच नाहीत. फुटबॉलपटू म्हणून तो काही वाईट नव्हता. मधल्या फळीत उभा राहायचा, चेंडू अडवायचा, जवळच्या माणसाच्या पायात नीट द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागेवर. असल्या माणसांची पोस्टरं कुणी लावत नाही, पण ती नसली की संघ दोन तुकड्यांत मोडतो. तरी दर दीड वर्षानं त्याला नारळ मिळायचा, कारण एकच. मैदानात तो तोंडातून ब्र काढत नसे, म्हणून तर सगळे त्याला मौनीबाबा म्हणत.

मधल्या फळीतल्या माणसानं मूग गिळून बसायचं म्हणजे राखणदारानं डुलक्या काढायच्या. चेंडू घ्यायला येणाऱ्या साथीदाराची पाठ गोलकडे असते. त्याच्या पाठीमागं काय चाललंय ते त्याला दिसत नाही, समोरच्याला दिसतं. समोरच्यानं दोनपैकी एक हाक द्यायची. ‘मागे आहे!’ म्हणजे कुणीतरी अंगावर येतंय, चेंडू आला तसा परत दे. ‘वेळ आहे!’ म्हणजे मागं कुणी नाही, खुशाल वळ. झालं, एवढंच. पण ऐकणारा या दोन शब्दांच्या भरवशावर आपले पाय टाकतो.

पहिल्या क्लबात असताना हाच माणूस चांगला बडबड्या होता, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. तिथं त्याचा जिवलग मित्र होता. पळायला लागला की कुणाच्या हाती लागायचा नाही, म्हणून सगळे त्याला वाऱ्या म्हणत. एका दुपारी वाऱ्या गोलकडे पाठ करून चेंडू घ्यायला आला आणि हा ओरडला, ‘वेळ आहे!’ वाऱ्या वळला. मागून सुसाट आलेल्या बचावपटूचा बूट थेट त्याच्या गुडघ्यावर बसला. वाऱ्या पुन्हा कधी खेळला नाही.

सगळे हळहळले. नशीब म्हणाले, तो बचावपटू कुठून उगवला कळलंच नाही म्हणाले. याला मात्र नक्की माहीत होतं. यानं मागं बघितलंच नव्हतं. त्या दिवशी चारदा ‘वेळ आहे’ म्हणाला होता आणि चारही वेळा खरोखरच वेळ होता. पाचव्यांदा नुसतं सवयीनं तोंडातून निघून गेलं. हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. दवाखान्यात वाऱ्याच्या उशाशी बसून चार दिवस काढले, तेव्हाही नाही.

तेव्हापासून मैदानात तोंडाला कुलूप, आणि झोपेत मात्र ते आपोआप उघडायचं.

"काल पुन्हा ओरडलास," बायको सकाळी म्हणायची. "‘वेळ आहे, वेळ आहे.’ कसला रे वेळ?"

"गाडीला असेल," तो म्हणायचा आणि कपात तोंड घालायचा.

या नवव्या क्लबात त्याला आणलं ते वाऱ्यानंच. गेली सहा वर्षं वाऱ्या इथं सामान सांभाळत होता. एक पाय काठीसारखा ताठ, आणि नाव अजून वाऱ्या. प्रशिक्षकांना त्यानं सांगितलं होतं, "माझा मित्र आहे. डोळे झाकून घ्या." रोज सकाळी याच्या खुंटीवर जर्सी आणि खाली बूट तयार असायचे, बुटांच्या खिळ्यांमधला चिखल काडीनं कोरून काढलेला. गुडघ्याचा विषय वाऱ्यानं एकदाही काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं याला रोज बुटाची नाडी बांधताना वाटायचं. इतक्या स्वच्छ बुटांत पाय घालायची त्याला अक्षरशः भीती वाटायची.

त्या दिवशी सामन्याआधी प्रशिक्षकांनी त्याला कोपऱ्यात घेतलं. "चौतिशीला आलास. पाय अजून चालतात, तोंड कधी चालणार? आज तुझा आवाज ऐकू आला नाही, तर बाकावर बस आणि मोसम संपला की दहावा क्लब शोध. या वयात दहावा मिळत नसतो, हे काय मी तुला सांगायला हवं?"

नको होतं. दहावा नाही, म्हणजे खेळच नाही. आणि खेळाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं.

पहिल्या अर्ध्या तासात त्यानं तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा समोर साथीदाराचा चेहरा दिसला, त्याच्या पाठीमागची मोकळी हिरवळही दिसली. शब्द काही आले नाहीत. प्रशिक्षक रेषेवर उभे राहून त्याच्याकडेच बघत होते.

मग चेंडू त्याच्याकडेच आला. बाकापासून दहा पावलांवर, तो गोलकडे पाठ करून उभा. मागं काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. आणि बाकावरून हाक आली, मोठी, खणखणीत.

"वेळ आहे!"

वाऱ्याचा आवाज होता. वाऱ्यानं इतकी वर्षं सूडासाठी हीच एक वेळ साठवून ठेवली असेल, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं. गुडघा आपसूक आखडला. त्यानं घाईनं चेंडू आला तसा परत ढकलला, तो साथीदारापर्यंत पोचलाच नाही आणि रेषेबाहेर गेला. मैदानभर हुर्यो उठली.

मग त्यानं वळून बघितलं. मागं पंधरा पावलांत चिटपाखरू नव्हतं.

प्रशिक्षकांनी पुढच्याच मिनिटाला त्याला बाहेर बोलावलं. बाकावर एकच जागा रिकामी होती, वाऱ्याच्या शेजारची. वाऱ्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

"वेळ होता की रे," वाऱ्या हळूच म्हणाला.

"ऐकलं मी."

"मग?"

बाटलीचं झाकण त्याला उघडेना. समोर सामना चालू होता, सगळ्यांचे डोळे तिकडं होते, आणि बारा वर्षं पोटात ठेवलेलं भसकन बाहेर आलं. "त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं. तुझ्या मागं कोण आहे ते मी बघितलंच नव्हतं, वाऱ्या."

वाऱ्यानं ताठ पाय हातानं उचलून थोडा बाजूला ठेवला.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू चेंडूकडे बघत होतास. मी तुझ्याकडे तोंड करूनच होतो ना? तुझी मान वर झालीच नाही, दिसलं मला."

"मग वळलास कशाला?"

"तू म्हणालास म्हणून."

समोर कुणीतरी चेंडू उंच मारला, लोक ओरडले, पुन्हा शांत झाले.

"आज मी दोनदा बघितलं होतं," वाऱ्या म्हणाला. "मग ओरडलो."

तो खाली मान घालून बसला. डोळ्यांतलं पाणी घामात मिसळलं ते बरंच झालं. वाऱ्यानं खिशातून काडी काढली आणि हात पुढं केला.

"बूट काढ. चिखल वाळला की निघत नाही."

त्यानं नाड्या सोडल्या, दोन्ही बूट काढले आणि वाऱ्याच्या हातात दिले.