गैरसमज झालाच नव्हता

“सिस्टर, खाली सही करा आणि मोकळ्या व्हा,” अधीक्षकांनी टाइप केलेला माफीनामा पुढे सरकवला.

सिस्टरनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. ‘गैरसमजातून तक्रार केली, त्यामुळे बदनामी झाली, दिलगीर आहे.’

“गैरसमज कुठला, साहेब?”

अधीक्षक छताकडे बघू लागले. अडचणीचा प्रश्न आला की ते तिकडेच बघत.

ऑपरेशनच्या अवजारांचा डबा वाफेच्या मशीनमध्ये नीट तापला, की डब्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. मशीनवरचा टेक्निशियन घाईच्या दिवशी मशीन लावायचाच नाही. मार्करनं रेघा ओढून मोकळा! सिस्टरनी संशयानं स्पिरिटचा बोळा फिरवला आणि सगळ्या रेघा बोळ्यावर आल्या. त्यांनी लेखी तक्रार केली, त्यानं राजीनामा दिला, चौकशी गुंडाळली गेली. पुढे त्याच्या नव्या इस्पितळानं विचारलं, तेव्हाही सिस्टरनी तेच कळवलं. आता त्याच्या वकिलाची नोटीस आली होती: माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला.

“तो आता इथला राहिला नाही. तुमची रिटायरमेंट तोंडावर आलीय. कशाला नसतं झेंगट?”

“तो गेलाय तिथंही ऑपरेशनं होतातच ना?”

“इस्पितळ वकील देणार नाही हं.”

“नका देऊ. मला तोंड आहे.”

बाहेर आल्यावर मात्र त्यांनी नोटीस पुन्हा उघडून वाचली. एकतीस वर्षांत त्यांना कुणी साधा खुलासासुद्धा विचारला नव्हता.

घरी यजमानांनी कपाळाला हात लावला. “पुरावा काय आहे तुझ्याकडे? तो बोळा?”

“टाकला.”

“टाकला?”

“अहो, वापरलेला बोळा कुणी ठेवतं का!”

“धन्य आहे! सही केली असतीस तर हात झिजला असता का गं?”

“मग उद्या कुणाच्या पोटात तसली कात्री गेली, तर तुम्ही झोपाल?”

यजमान रुसले ते थेट खटल्याच्या तारखेपर्यंत.

सिस्टर ड्यूटीवरून थेट कोर्टात आल्या, गणवेशातच. रुसलेले यजमान शेजारी. टेक्निशियनला घेऊन त्याचा वकील लगबगीनं आला. “बाई, अजून वेळ गेलेली नाही. दोन ओळींची माफी लिहून द्या.”

“तुमच्या अशिलाला विचारा, तो स्वतःच्या आईचं ऑपरेशन त्या डब्यातल्या अवजारांनी करू देईल का?”

टेक्निशियननं मान फिरवली.

“आरोपी हजर आहे का?” शिपाई ओरडला.

सिस्टरनी शिपायाकडे वळून बघितलं. आपल्याला, आरोपी! डोळे भरून आले, त्याचाही राग आला. यजमान उठले. त्यांनी बायकोची पर्स स्वतःच्या खांद्याला अडकवली.

“जा,” ते म्हणाले, “मोठ्यानं बोल.”

“हजर आहे,” सिस्टर म्हणाल्या आणि पुढे जाऊन उभ्या राहिल्या.