कागदावरची तीन वर्षं

अंतिम सामन्यासाठी खेळाडूंचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस गुरुवार होता. आमच्या मैदानाच्या पायऱ्यांखाली एक खोली आहे. चुन्याची पोती, बेसबॉलचे फाटके बेस आणि लीगच्या सेक्रेटरी ओनेलियाबाई तिथं एकत्रच नांदतात. त्या खोलीत फाउस्तोचा अर्ज टेबलावरून सरकत परत त्याच्याच हातात आला.

"हा बसत नाही," बाई म्हणाल्या. "नियम तिसरा. चाळीस पूर्ण पाहिजेत. तुझ्या ओळखपत्रावर एकोणचाळीस आहेत."

फाउस्तो बेचाळीस वर्षांचा होता. हे त्याला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि बाईंना तर पुरतं ठाऊक होतं, कारण पहिलीत त्याला अक्षरं त्यांनीच शिकवली होती.

"बाई, आम्ही दोघं एका बाकावर बसायचो!" संघाचा मॅनेजर पापो मध्येच तोंड घालत म्हणाला. "एकाच पट्टीचा मार खाल्लाय तुमच्या हातचा. मी बेचाळीसचा आणि हा एकोणचाळीसचा? हा काय मध्ये तीन वर्षं झोपला होता?"

"ते मला नको सांगूस. कागद काय म्हणतो ते बघ."

"कागद! कागदाप्रमाणे हा मार्चमध्ये जन्मला आणि ह्याची बहीण इवेलिस त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. म्हणजे ह्याच्या आईनं पाच महिन्यांत दोन बाळंतपणं उरकली!"

बाईंना हसू आलं, पण शिक्का काही उठला नाही. फाउस्तोनं अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

आता हा घोळ कसा झाला ते सांगायला हवं. तेवीस वर्षांपूर्वी साखर कारखान्याच्या मैदानावर निवड होती. फाउस्तो तेव्हा एकोणीसचा होता आणि चेंडू असा हाणायचा की उसातून शोधून आणायला माणूस पाठवावा लागे. मोठ्या क्लबांसाठी पोरं हेरणारा एक माणूस आला होता. तो म्हणाला, "हात चांगला आहे, पण एकोणीस म्हणजे म्हातारा. सोळाचा असतास तर उद्याच नेला असता." फाउस्तोच्या जन्माची नोंद तोवर झालेलीच नव्हती. आपल्याकडे ती अशीच राहून जाते. मग काय, नोंद करताना तीन वर्षं कापली, आणि त्या माणसानं डोळेझाक केली! सोळाचा झालेला फाउस्तो क्लबच्या अकादमीत गेला. दीड वर्षानं चौकशीला आलेल्या माणसाला गल्लीतल्या एका म्हातारीनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, "आमचा फाउस्तो? अहो, तो मोठ्या वादळाच्या वर्षीचा!" झालं, वादळाचं साल मोजून दुसऱ्याच दिवशी त्याला घरी धाडलं. बाहेरगावी सांगितलं, खांदा दुखावला. कागद मात्र तसाच राहिला. दुरुस्तीला कोर्टाच्या खेपा घालायच्या, आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्या माणसाला तेवढा वेळ कुठला?

इतकी वर्षं त्याचं काही अडलं नाही. आता अडलं. लॉस मांगोस गल्लीचे त्याचे सगळे जुने सोबती चाळिशीच्या संघात खेळू लागले, आणि हा पायऱ्यांवर बसून शेंगदाणे खाऊ लागला. त्यात संघ पहिल्यांदाच मोठ्या स्पर्धेत अंतिम सामन्याला पोचला होता. फाउस्तोचा उजवा गुडघा आताच कुरकुरत होता. पुढच्या वर्षी कागद चाळीस म्हणेल, पण गुडघा काय म्हणेल? एकदा, फक्त एकदा त्याला ह्या मित्रांबरोबर खेळायचं होतं.

"तुझ्या भावाचं कार्ड आईकडेच आहे ना?" वाटेत पापोनं विचारलं.

थोरला भाऊ बोलिव्हार न्यू यॉर्कला असतो. चेहरा फाउस्तोचाच, दोन वर्षांनी मोठा.

"हे खोटं होईल रे."

"कसलं खोटं? तू चाळिशीच्या पुढचा आहेस की नाहीस? आहेस. मग? नाव इकडचं तिकडे, एवढंच. आपल्याच घरातलं तर आहे!"

पापोनं यादीत बोलिव्हारचं नाव घातलं आणि बाईंसमोर ठेवलं. बाईंनी विश्वासानं सही केली. वर म्हणाल्या, "बोलिव्हार येतोय होय? बरं झालं, आईला तेवढाच आनंद." हे ऐकून फाउस्तो खाली बघत राहिला.

सामना कालेता ब्लांकाला होता, मिठागरांच्या गावात. रविवारी सकाळी फाटकावरच्या माणसानं पापोनं 'न्यू यॉर्कहून आलाय' म्हणत पुढे केलेलं कार्ड पाहिलं, फाउस्तोकडे पाहिलं आणि म्हणाला, "न्यू यॉर्कचं जेवण मानवलं नाही वाटतं, वाळलात." लोक हसले. यानिकेकेच्या पुऱ्या तळणाऱ्या बाईच्या कढईपाशी गर्दी होती, बायका छत्र्या उघडून बसल्या होत्या, लाउडस्पीकर खरखरत होता. "तिसऱ्या बेसवर, बोलिव्हार!" अशी हाक झाली तेव्हा फाउस्तोच्या लक्षातच आलं नाही. पापोनं त्याला ढोसलं, तेव्हा तो धावत मैदानात गेला.

कालेताची फलंदाजी सुरू झाली. त्यांचा एक माणूस धावणाऱ्यांना इशारे करायला तिसऱ्या बेसजवळ येऊन उभा राहिला. उन्हानं रापलेला, रुंद खांद्यांचा. तो थोडा वेळ फाउस्तोकडे टक लावून बघत राहिला.

"फाउस्तो? अरे, फाउस्तोच ना तू? मी आर्हेनिस! कारखान्याच्या मैदानावरची निवड आठवते? शेवटी एका जागेसाठी दोघंच उरलो होतो आपण."

फाउस्तोनं टोपी डोळ्यांवर ओढली.

"आठवतं," तो कसाबसा म्हणाला.

"खांदा बरा झाला का रे तुझा? फार वाईट वाटलं होतं ऐकून. पण हे माइकवर बोलिव्हार काय म्हणतायत तुला?"

तेवढ्यात चेंडू आला, फाउस्तोनं तो अडवून पहिल्या बेसकडे फेकला, आणि उत्तर टळलं. पण डाव संपायचा होता आणि आर्हेनिस कुठं जाणार नव्हता.

"आणि वयाचं काय केलंस?" त्यानं सहजच विचारलं. "तेव्हा आपण दोघंही सोळाचे. मी अजून एकोणचाळीस. फेब्रुवारीत चाळीस लागतील. तोवर इथं उभा राहून वाहतूक पोलिसासारखा हात हलवतोय. तू कसा काय आत?"

वाचकहो, फाउस्तोची अवस्था तुम्हीच बघा. इकडे आड, तिकडे विहीर! आज मी खरंच बेचाळीसचा आहे म्हणावं, तर तेव्हा सोळाचा नव्हतो हे कबूल करावं लागतं. तेव्हा सोळाचा होतो म्हणावं, तर आज चोरून घुसलोय. दोन खोटी एकमेकांसमोर उभी राहिली होती आणि मध्ये तो सापडला होता.

"नंतर सांगतो," तो पुटपुटला.

आर्हेनिसला काय समजायचं ते समजलं: भावाबिवाचं कार्ड असणार. तो आवाज खाली आणून म्हणाला, "भिऊ नकोस लेका, मी चुगली करणार नाही. चुगलीवर मिळालेला करंडक घरी कुठं ठेवायचा? माझाही भाऊ पंचेचाळीसचा आहे, तो बघ, पाण्याच्या पिंपाशी बसलाय. आमचा मॅनेजर म्हणाला होता, घे त्याचं कार्ड. मी म्हटलं, नको. फेब्रुवारी काय, येईलच की."

पाचव्या डावात फाउस्तोनं चेंडू थेट मागच्या भिंतीवर हाणला. दोन धावा झाल्या, लॉस मांगोस पाच, कालेता चार. लाउडस्पीकर ओरडला, "बोलिव्हार! काय मारलाय बोलिव्हारनं!" सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते. पण त्याला आनंद झाला नाही. अकादमीत मारलेले सगळे चेंडूही असेच त्या सोळा वर्षांच्या न जन्मलेल्या पोराच्या खात्यावर गेले होते, हे त्याला आज पहिल्यांदा जाणवलं.

सहाव्या डावानंतर तो पाणी प्यायला गेला, तर बाकांच्या मागच्या पायरीवर ओनेलियाबाई! उशी, छत्री आणि मांडीवर धावफलकाची स्वतःची वही.

"बाई, तुम्ही केव्हा आलात?"

"पहिल्या डावापासून आहे. म्हटलं बोलिव्हारला भेटावं." त्यांनी वही पुढे केली. बाकी सगळी नावं सुवाच्य अक्षरात होती, तिसऱ्या बेसची ओळ कोरी होती. "इथं कुणाचं नाव लिहू, तूच सांग."

फाउस्तो पायरीवर बसला. "बाई, नियम वयाचा आहे ना? मग मी काय मोडलं? चाळिशीच्या पुढचाच आहे मी. तुम्ही तर शपथेवर सांगू शकाल."

"नियम वयाचा नाही रे, खरेपणाचा आहे. समोर कोण उभा आहे हे पलीकडच्याला खरं कळलं पाहिजे, एवढंच त्यात आहे. ते कळलं की हरलेलाही घरी जाऊन सुखानं जेवतो."

"मग तेव्हा? तेव्हा तर कुणी अडवलं नाही मला!"

बाईंनी वहीची पानं सारखी केली. मग म्हणाल्या, "तेव्हा शाळेचं पत्र मीच दिलं होतं. हा मुलगा सोळाचा आहे, म्हणून सही केली. तुझी आई रडत आली होती. मला वाटलं, गरिबाचं लेकरू वर जाईल, ह्यात नुकसान कुणाचं? गेली तेवीस वर्षं मी मनाला हेच सांगतेय. नुकसान झालेला माणूस कधी माझ्या दारात आला नाही, म्हणून मी धरून चालले की तो नाहीच."

"तो आहे बाई," फाउस्तो म्हणाला. "तिकडे तिसऱ्या बेसपाशी उभा आहे."

बाईंनी तिकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वही मिटली.

"यादीवर माझी सही आहे. आता पंचांकडे मला जावंच लागेल," त्या म्हणाल्या. "पण तू आधी गेलास, तर मला बरं वाटेल."

फाउस्तो उठला. मैदान ओलांडून तो पंचांकडे चालत गेला तेव्हा पापोला वाटलं, ह्याचा गुडघा गेला.

"साहेब, मी बोलिव्हार नाही. मी त्याचा भाऊ, फाउस्तो. हे कार्ड माझं नाही. माझ्या कार्डावर एकोणचाळीस आहेत. आणि तेही खोटं आहे! मी बेचाळीसचा आहे!"

पंचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अरे बाबा, मग तू नक्की कुठल्या बाजूनं खोटा आहेस?"

"दोन्ही बाजूंनी!"

एकच गलका झाला. पापो धावत आला. "वेडा झालास का? आपण जिंकतोय! आठ माणसं आणलीस खड्ड्यात!" नियम सरळ होता. खोट्या नावानं माणूस खेळवला, सामना गेला. अशा वेळी आकडाही ठरलेलाच: कालेता नऊ, लॉस मांगोस शून्य. कालेताच्या लोकांनाही ओरडावं की नाही ते कळेना.

फाउस्तो तिसऱ्या बेसपाशी गेला. आर्हेनिस तिथंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे तेव्हा तू..."

"एकोणीस."

"मी सोळाचाच होतो," आर्हेनिस हळूच म्हणाला. थोडा वेळ तो पायानं माती उकरत राहिला. "तो पोरं हेरणारा माणूस मला म्हणाला होता, 'तुझ्याच वयाचा पोरगा कसा मारतो बघ, म्हणजे आपण काय आहोत ते कळेल.' मी बॅट माळ्यावर टाकली ती दहा वर्षं काढली नाही. मिठागरात फावडं मारायला लागलो. तिथं कितीदा मनात यायचं, त्याच वयात एकाला जमलं, मला नाही. माझ्यातच काहीतरी कमी होतं. तेवीस वर्षं मी असंच समजत होतो रे!"

फाउस्तोला रडू कोसळलं. दोन मुलांचा बाप, लोखंड वाकवणारा माणूस, भर मैदानात हमसून हमसून रडला. अकादमीतली जागा गेली ते एक वेळ भरून निघालं असतं. पण माणसाचा स्वतःवरचा विश्वास त्यानं नेला होता, आणि नेलाय हे त्याला ठाऊकही नव्हतं!

"मला माफ कर," तो म्हणाला.

"बघू," आर्हेनिस म्हणाला. "आज नाही जमायचं." आणि वाकून त्यानं बेस उचलला, कारण सामना संपल्यावर बेस गोळा करायचं काम त्याच्याकडे होतं. फाउस्तोनं दुसरा बेस उचलला. दोघं बेस घेऊन सामानाच्या खोलीपर्यंत गेले.

लीगनं फाउस्तोवर दोन वर्षांची बंदी घातली, पापोवर एक वर्षाची. पापो तीन महिने बोलला नाही. मग त्याला खिडकीला जाळी हवी झाली, तेव्हा मापापुरता बोलला, आणि पुढे सवयीनं बोलतच राहिला. ओनेलियाबाईंनी ते जुनं पत्र खोटं होतं असं लेखी कळवलं आणि सोबत राजीनामाही दिला. दुसरं माणूस मिळेना म्हणून राजीनामा अजून तसाच पडून आहे. फेब्रुवारीत आर्हेनिस चाळीस वर्षांचा झाला आणि पुढच्याच रविवारी खेळला. फाउस्तो बघायला गेला होता. आर्हेनिसनं लांबून हात केला.

आणि फाउस्तोनं वय दुरुस्तीचा अर्ज केला. साक्षीला बाई होत्या. नोंदणी कचेरीतला कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "इथं लोक लहान व्हायला येतात. तुम्ही तीन वर्षं म्हातारे व्हायला आलात?"

"जेवढं जगलोय तेवढंच लिहा, साहेब," फाउस्तो म्हणाला.

बंधुभगिनींनो, आपल्या कुणाच्या कागदावर तारीख सरकलेली असते, कुणाच्या दाखल्यावर आकडा. आपण म्हणतो, एवढ्यातेवढ्यानं कुणाचं काय बिघडतं! पण रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला मागच्याचं तोंड दिसत नाही, म्हणून त्याला वाटतं, मागे कुणी नव्हतंच. मागे कुणीतरी असतंच. त्याला आपण कधी भेटत नाही, आणि आपली चूक तो जन्मभर स्वतःची समजत बसतो. नियम पाळायचा तो त्याच्यासाठी.