सरकारजमा गाडी

परिवहन खात्याच्या साहेबांनी दुधरामच्या बसवर जप्तीचा कागद चिकटवला, तेव्हा आत चौदा बाया बाजाराच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या.

कोसमटोल्याहून देवरीला जाणारी तेवढी एकच गाडी. एसटी सहा वर्षांत फिरकली नव्हती. पण दुधरामची गाडी तरी कुठं धड होती? स्टार्टर मेलेला, फिटनेसचा कागद मार्चातच सरलेला.

"गाडी सरकारजमा झाली. उतरा सगळ्या!"

दुधरामनं किल्ली काढून दिली. अकरा वर्षं स्टिअरिंगवर राहिलेले हात आता कुठं ठेवावेत, हेच त्याला कळेना.

पुढच्या सीटवरची सुमनबाई मात्र हलली नाही. "दुधरामभाऊ, गाडी आता कोनाची?"

"सरकारची, बाई."

"मंग कायले उतराचं? सरकारच्या गाडीत बसून राहिलो ना आमी! सायेब, गाडी कोठी नेता?"

"देवरीच्या ठाण्यात!"

"आमालेबी देवरीलेच जाचं हाय. चाला!"

बाया खदखदल्या. साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर बसच्या स्टिअरिंगवर बसला, त्यानं किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली.

"धक्का मारा लागते, सायेब," दुधराम हळूच म्हणाला.

"मग या बायांना सांगा."

"आमी काऊन मारू? रोज मारतो थे दुधरामभाऊसाठी. सरकारच्या गाडीले सरकारनंच हात लावावा!"

शेवटी साहेब आणि त्यांचा शिपाई मागं लागले. रात्रीच्या पावसानं वाट नुसती राड झालेली. बाया आतून ओरडत होत्या, "जोर लावा, सायेब!" तिसऱ्या खेपेला साहेब गुडघ्यांवर चिखलात बसले.

"ए दुधराम! तूच चालव बाबा."

ड्रायव्हर उतरून धक्क्याला गेला, दुधराम बसला. चौथ्या धक्क्याला त्यानं अचूक क्लच सोडला, गाडी खोकत उठली. इंजिन तापायच्या आत थांबवली तर पुन्हा बंद पडायची, म्हणून सगळं खातं धावत धावतच चढलं. जागा कोणी दिली नाही. वाटेत डोळ्याला पट्टी बांधलेला बिसराम दवाखान्यासाठी चढला, शाळेच्या पोरी चढल्या.

"एसटी नाही का येत इकडं?" साहेबांनी विचारलं.

गाडीभर असा हशा उठला, की साहेब खिडकीतून बाहेरच बघत राहिले.

देवरीत उतरून त्यांनी जप्तीच्या कागदावर लिहिलं: जप्ती रद्द, दुरुस्तीसाठी एक महिना मुदत. दुधरामनं ते दोनदा वाचलं. मग किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

साहेब मात्र घुटमळत होते. ड्रायव्हरसकट सगळे बसमध्ये चढले होते, जीप राहिली होती कोसमटोल्यात.

"परतीची गाडी किती वाजता?" त्यांनी हळूच विचारलं.

"बायाइचा बाजार आटपला का निंगू," दुधराम ऐटीत म्हणाला. "तवर च्या घ्या, सायेब."