पाकातल्या नाशपाती

टेबलावर माणशी पाच ग्लास मांडले होते. खुर्चीत टेकायच्या आधीच ताईने ते मोजले. जेवायला माणसं चार: ताई, तिचा नवरा, सासूबाई आणि ताईचा धाकटा भाऊ टिल्लू. टिल्लू हे त्याचं घरातलं नाव. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून पडलेलं. पुढे तो सहा फूट वाढला, नाव मात्र होतं तेवढंच राहिलं. या टिल्लूने दारू सोडून अकरा महिने झाले होते, आणि त्याची सख्खी बहीण त्याला घेऊन आली होती कुठे, तर द्राक्षमळ्यांच्या गावात. आता बोला.

हौसेने नव्हतंच आणलं तिने. सासूबाईंना पंचाहत्तरावं लागलं आणि मुलाने विचारलं, आई, तुला काय हवं? साडी म्हणाल्या असत्या तर सगळेच सुटले असते. पण त्या म्हणाल्या, "मला ते डोंगरातले द्राक्षांचे मळे दाखव आणि तिथली वाइन पाज. टीव्हीवर जो तो पितोय, मीच काय पाप केलंय?" नवऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. ताईला घाटात गाडी चालवायची म्हटलं की दरदरून घाम फुटतो. टिल्लू तिथेच बसला होता. तो म्हणाला, "मी नेतो की."

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सासूबाईंना माहीत नव्हतं. गेल्या वर्षी टिल्लू तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात होता, तेव्हा ताईने 'कंपनीने बाहेरगावी पाठवलाय' असं बेधडक ठोकून दिलं होतं. टिल्लूला ते रुचलं नव्हतं. "ताई, मी त्यांना सरळ सांगतो ना," असं तो तेव्हाच म्हणाला होता. "काही गरज नाही," ताई म्हणाली होती. "झाकली मूठ सव्वा लाखाची." नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, पण बायको आणि आई यांच्यामध्ये तोंड उघडायचं नाही हा त्याचा संसारातला एकमेव नियम होता.

त्याच नवऱ्याने मळ्यातलं हे हॉटेल शोधलं होतं. जेवणात दर पदार्थासोबत वेगळी वाइन येते, ही गोष्ट त्याने गाडी फाटकातून आत शिरल्यावर सांगितली.

वेटर फारच अगत्याचा होता, आणि ताईला तेच नको होतं. त्याने सासूबाईंच्या ग्लासात दोन बोटं वाइन ओतली. सासूबाईंनी डोळे मिटून घोट घेतला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"खोकल्याच्या औषधासारखी लागते," त्या म्हणाल्या. मग आणखी एक घोट घेतला. "पण चांगल्या डॉक्टरच्या."

नवरा हसला, वेटर हसला. वेटर बाटली घेऊन टिल्लूकडे वळला आणि टिल्लूने ग्लासावर तळहात ठेवला.

"मला गाडी चालवायचीय."

"मग घोटभर तोंडात फिरवा आणि टाकून द्या, साहेब. चव तर कळेल. त्यासाठी हे भांडं ठेवलंय बघा."

"घे रे टिल्लू," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या पंचाहत्तरीचा एक घोट! एवढ्याने काय होतंय?"

टिल्लू हसत होता. पण त्याचा तळहात ग्लासावर असा दाबलेला होता की बोटांची टोकं पांढरी पडली होती. ताईला आता बाकीचं टेबल दिसेचना, ती बोटं तेवढी दिसत होती. वेटर बाटली तिरकी धरून उभा, सासूबाई 'घे की, घे की' म्हणताहेत, आणि अजून चार ग्लास रिकामे.

"मला गरगरतंय," ताई उठून उभी राहत म्हणाली. "मला इथं बसवणार नाही."

नवऱ्याने एकदा तिच्याकडे, एकदा टिल्लूकडे पाहिलं आणि लगेच वेटरची माफी मागायला सुरुवात केली. बाहेर मोकळ्या हवेत बसून खाऊ, गावातून काहीबाही घेऊ, मजा येईल, असं ठरलं. म्हणजे ठरवलं ताईने. सासूबाईंची समजूत म्हणून नवऱ्याने एक बाटली बरोबर घेतली. ताईने ती डिकीत, सुट्या टायरच्या मागे ठेवायला लावली.

"पंचाहत्तर वर्षांत पहिल्यांदा मी प्यायला बसले," गाडीत सासूबाई म्हणाल्या, "आणि चक्कर आली सुनेला."

बाजाराचा रस्ता उताराचा होता. टिल्लूने सगळ्यांना वर उतरवलं आणि तो गाडी लावायला जागा शोधत खाली गेला. नवरा पावाच्या रांगेत उभा राहिला. ताई आणि सासूबाईंनी चीज घेतलं, भाजलेली कोंबडी घेतली, टोमॅटो घेतले, मिठाची पुडी मागून घेतली. सासूबाईंचा रुसवा दुसऱ्या दुकानातच पळाला होता. त्या प्रत्येक ठिकाणी तुकडा चाखून बघत होत्या आणि दुकानदारांना सल्ले देत होत्या. ताईचं लक्ष रस्त्याच्या खालच्या टोकाकडे होतं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. या गावात दर तिसरं दार वाइनच्या दुकानाचं, आणि प्रत्येक दारात चाखायला फुकट. गाडी लावायला असा किती वेळ लागतो?

वीस मिनिटांनी टिल्लू चढ चढून आला. हातात सासूबाईंसाठी गवताची टोपी होती. "ऊन लागेल तुम्हाला, मावशी." ताई पुढे झाली आणि त्याच्या कॉलरवरची नसलेली धूळ झटकू लागली. नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं. तिला स्वतःचीच किळस आली, तरी तिने श्वास आत घेतला.

"काही नाही, ताई," तो हळूच म्हणाला. "नुसती बडीशेप." आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन तो भावजींकडे गेला.

शेवटचं दुकान शिजवलेल्या पदार्थांचं. काचेमागे मोठ्या वाडग्यात सोललेल्या अख्ख्या नाशपाती, देठासकट, गडद लाल पाकात बुडालेल्या. सासूबाई तिथेच थबकल्या.

"गोडाला हेच! काय रंग आहे बघ. चार बांधून घे."

रंग ताईने बघितला होता. हा रंग नाशपातीचा नाही हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. ती काउंटरवर वाकली.

"यात..." ती म्हणाली.

"काय?" एप्रन बांधलेल्या दुकानदार बाईने विचारलं.

"काय गं?" सासूबाईंनीही विचारलं. त्या अगदी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या.

वाइन आहे का, एवढंच विचारायचं होतं. तीन शब्द. पण मग सासूबाई म्हणणार, असली तर असू दे की, आणि तुला गं कशाला एवढी चौकशी? ताईने प्रश्न बदलला.

"ताज्या आहेत ना?"

"सकाळीच केल्यात," बाई म्हणाली आणि डबा भरू लागली.

डाळिंबाचा रस असेल, ताईने मनाची समजूत घातली. बीट असेल. आणि असलंच काही, तरी शिजवल्यावर राहतंय काय? शिवाय टिल्लूला द्यायचंच नाही, म्हणजे झालं. तिने डबा पिशवीत तळाशी घातला आणि वर पाव ठेवले.

गावाबाहेर मळ्याच्या कडेला एक मोठं झाड होतं, तिथे त्यांनी चादर अंथरली. समोर द्राक्षांच्या सरळ ओळी उतारावरून खाली गेलेल्या. जेवण छान झालं, हे मान्य करायला हवं. टिल्लूने कोंबडीचे तुकडे करून सगळ्यांना वाढले. सासूबाईंनी टोपी घालून कागदी कपात वाइन घेतली आणि नवऱ्याला त्याच्या लहानपणच्या चोऱ्या ऐकवल्या. टिल्लू खदखदून हसला. अकरा महिन्यांत तो असा हसला नव्हता. ताईला पहिल्यांदाच घास गोड लागला. बाटली नवऱ्याच्या पलीकडे होती, टिल्लूच्या हातात पाण्याचा कप होता, आणि परत निघायला फार तर तास होता.

ती उष्टे कागद गोळा करायला उठली, तेवढ्यात सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला.

"आई, थांबा, मी देते," ताई वळली.

"तू बस गं, मला काय हात नाहीत?" एक नाशपाती त्यांनी बशीत घातली, वर दोन चमचे पाक ओतला आणि बशी पुढे केली. "हे घे रे. सकाळपासून गाडी हाकतोयस. पहिला मान तुझा."

"त्याला गोड नको," ताई म्हणाली. आवाज उगीचच चढला.

"कधीपासून? मागे माझ्याकडे पाच वाट्या खीर चेपली होती याने!"

"खातो ना," टिल्लू म्हणाला आणि त्याने मोठा घास घेतला.

त्याचा जबडा थांबला. त्याने ताईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती. चार वर्षांचा असताना विहिरीच्या काठावर पाय घसरला, तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं तिच्याकडे. मग तो बाजूला वळला, गवतात थुंकला, बशी जपून चादरीवर ठेवली आणि द्राक्षांच्या ओळींमध्ये चालत गेला.

"अगं बाई! खराब निघाली की काय?" सासूबाई म्हणाल्या.

ताई धावली. टिल्लू दहाबारा वेली ओलांडून उभा होता, पाठमोरा, फोन कानाला.

"सर उचलत नाहीयेत," तो म्हणाला. सर म्हणजे केंद्रातले त्याचे मार्गदर्शक. "तीनदा लावला."

"थुंकलास ना सगळं?"

"अर्धं."

"अरे, शिजवलेलं असतं ते. त्यात काही राहत नाही म्हणतात."

"कडू लागलं असतं तर बरं झालं असतं, ताई." तो अजून पाठमोराच होता. "गोड लागलं. आणि आता डोक्यात सुरू झालंय, अजून एक खा, फळच तर आहे."

"मला माहीत नव्हतं रे," ताई म्हणाली. पण ते खरं नव्हतं. "शंका आली होती. विचारणारच होते त्या बाईला. पण आई शेजारी उभ्या होत्या."

आता तो वळला.

"एवढी लाज वाटते माझी?"

तुझी नाही रे, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. "हो," ती म्हणाली. तिला रडू फुटलं. "वाटते."

"मलाही वाटते," टिल्लू म्हणाला. "तरी दर आठवड्याला मी केंद्रात तीस माणसांसमोर उभा राहून सांगतो. तुला एकट्या मावशींना सांगता आलं नाही."

"काय गं, काय झालं त्याला?" झाडाखालून सासूबाईंची हाक आली.

ताई डोळे पुसून चादरीपाशी गेली. बसली नाही. बसली असती तर पुन्हा काहीतरी ठोकून दिलं असतं, एवढं ती स्वतःला ओळखून होती.

"आई, टिल्लू दारू प्यायचा. फार प्यायचा. गेल्या वर्षी तो कंपनीच्या कामाला गेला नव्हता, दारू सोडायला गेला होता. अकरा महिने त्याने थेंब घेतलेला नाही. आणि त्या पाकात वाइन आहे."

सासूबाईंनी हातातला कप खाली ठेवला. मुलाकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

नवऱ्याने मान खाली घातली.

"म्हणजे मी त्या हॉटेलात त्या पोराला घे-घे म्हणत होते," त्या म्हणाल्या, "आत्ता माझ्या हाताने त्याला ते वाढलं, आणि तुम्ही दोघं बघत बसलात?"

सासूबाई एक हात जमिनीवर टेकून, गुडघ्यांना शिव्या घालत उठल्या आणि वेलींच्या ओळीत शिरल्या. ताई त्यांच्यामागे गेली. टिल्लू तसाच उभा होता.

"मला यातलं काही कळत नाही रे," सासूबाई त्याला म्हणाल्या. "आता काय करायचं असतं?"

"काही नाही, मावशी. सर फोन उचलेपर्यंत मला एकट्याला सोडू नका."

"बरं," असं म्हणून त्या तिथेच मातीत बसल्या. ताईने तोंड उघडलं, तशी त्यांनी तिला हातानेच गप्प केलं. ताई खाली बसली. टिल्लू त्या दोघींच्या मध्ये बसला आणि त्याने चौथ्यांदा नंबर लावला.