देठाचा छेद

"बाई, काळंच दिसतंय नुसतं." मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

"थांब, दुसरा देते."

वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी आधारासाठी गाजराच्या चिरेत सूर्यफुलाचा कोवळा देठ पुन्हा घट्ट बसवला आणि ब्लेड उचललं. छेद असा पातळ हवा, की आरपार उजेड यावा. सव्वीस वर्षं त्यांनी तसे घेतले होते. मुलींनी ते भिंगाखाली बघायचे आणि मग सुई-दोऱ्याने कापडावर भरायचे. साल साखळी टाक्याची, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचे पुंजके गाठीच्या टाक्याचे. सूर्यफुलात पुंजके गोलात, मक्यात विखुरलेले. पुस्तक विसरणाऱ्या मुलीही हे विसरत नसत.

वर्षभरापासून बाईंचा उजवा हात थरथरत होता. त्याची कुजबुज मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, कानावर गेली, म्हणून आज त्या तास बघायला आल्या होत्या. कुजबुज खरी निघाली तर सोमवारपासून हा तास बंद. त्या जागी पडद्यावर चित्रफीत.

ब्लेड देठात अडखळलं. दुसरा छेद भिंगाखाली गेला. मोठ्या बाईंनी वाकून पाहिलं.

"अहो, काहीच दिसत नाही की!"

"हा मायक्रोस्कोपच म्हातारा झालाय, मोठ्या बाई," वेण्यांची चटकन म्हणाली. "आमच्या आजोबांसारखा. ऊन पडलं तर बघतो, नाहीतर डुलक्या!"

वर्ग फिसकन हसला. मोठ्या बाईही हसल्या. "मग दुरुस्तीला टाकू या," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं.

तेवढ्यावर निभावलं असतं.

"भिंग चांगलं आहे," बाई हळूच म्हणाल्या. "छेद जाड झालाय. माझा हात स्थिर राहत नाही आता."

मोठ्या बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं.

मुली बाहेर पडल्या तरी वेण्यांची तिथेच उभी. "कशाला सांगितलंत, बाई? मी सावरलं होतं ना!"

"अगं, चांगल्या भिंगाला नावं ठेवून कसं चालेल? उद्या तुलाच त्यातून बघायचंय."

"काय बघायचंय? छेद कोण देणार?"

बाई ब्लेड पुसू लागल्या. मुलगी दप्तर उचलून तरातरा निघून गेली.

दुपारी मोठ्या बाईंनी कागद पुढे केला. कपाटाच्या किल्ल्या, ब्लेडं, सहा भिंगं परत मिळाली, असा. बाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं आणि सही करायला घेतली. ती पुरी होईपर्यंत मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.