घोडा बांधला, पण आत गेला नाही

लेकीने सलूनच्या बाकाखालची पुस्तकांची खोकी ओढून काढली आणि फर्मान सोडलं, "बाबा, रद्दीवाला येतोय. एक पुस्तक ठेवा, एकच. इथे नवी खुर्ची बसणार आहे."

म्हाताऱ्या न्हाव्याला वाटलं, त्यात काय! हवं ते पुस्तक तर त्याला तोंडपाठ होतं. एका डोळ्याने अधू असलेला काउबॉय वर्षानुवर्षं भटकून भावाच्या घरी येतो. कुंपणाला घोडा बांधतो. खिडकीत दिवा दिसतो. आणि तो आत जात नाही. संपलं पुस्तक. बायको गेली त्या दिवशीही न्हाव्याला हाच शेवट आठवला होता, का ते देव जाणे. ते पुस्तक रद्दीत जाऊन चालणार नव्हतं.

पण ते यातलं कुठलं?

लेखक दोनच. पुस्तकांच्या मागच्या फोटोंवरून न्हाव्याने दोघांची बारशी उरकली होती: मिशीवाला आणि गालवाला. मिशीवाला निवांत माणूस. आधी डोंगर, मग धूळ, मग धुळीत ठिपका, मग त्या ठिपक्याचा घोडा. गालवाल्याकडे पहिल्या पानावर मुडदा पडलाच पाहिजे. गाल मात्र असा गुळगुळीत, की त्याच्या न्हाव्याला भेटावंसं वाटे.

"मिशीवाल्याचंच," तो म्हणाला. "माणसाला दाराशी उभं ठेवायचं म्हणजे धीर लागतो."

"छे! गालवाल्याचं," बाकावरून टपालवाला म्हणाला. निवृत्त झाल्यापासून त्याचं पोस्ट ऑफिस म्हणजे हा बाक. "आणि डोळा कसला? पायाने लंगडा होता तो."

"डोळा!"

"पाय. मी वाचलंय."

"मग मी काय नुसतं चाटलंय?"

"भाऊ, तुझ्या हातात मी कात्री पाहिली, वस्तरा पाहिला. पुस्तक कधी पाहिलं नाही. वाचायचो आम्ही गिऱ्हाइकं, बाकावर, नंबर येईपर्यंत. खुर्चीत बसलो की तुला सांगायचो."

न्हाव्याने डोळे मिटले. पान लख्ख दिसत होतं. पान धरलेला हात दिसेना.

*घोड्याने कान टवकारले. दरीच्या तोंडाशी कोणीतरी*

नंबर आला.

*"पाणी नको," परका म्हणाला. "तुझ्या भावाचं नाव तेवढं*

नंबर आला.

*धूळ बसली तेव्हा उभा होता एकच, आणि तो*

नंबर आला, बसा, मान खाली.

"बाबा, हे बघा." लेकीने एक पुस्तक उलटं धरून झटकलं. केस पडले. काळे, पांढरे, कोणाचे तरी मेंदीचे. तिने दुसरं झटकलं, तिसरं झटकलं. मग पानं चाळून पाहिली. "सगळ्यांत केस आहेत, पण अर्ध्यापर्यंतच. पुढची पानं नवी करकरीत. शेवटपर्यंत कोणी पोचलेलंच नाही."

"मग शेवट मला सांगितला कोणी?"

"आम्हाला काय ठाऊक?" टपालवाला म्हणाला. "मी म्हणायचो, पुढचं वाचलं नाही. तू म्हणायचास, मी सांगतो. घोडा बांधला, आत गेला नाही."

"मी?"

"तूच. सगळ्यांना."

"आणि तुम्ही ऐकून घ्यायचात? एकानेही विचारलं नाही, का गेला नाही म्हणून?"

"गळ्यावर वस्तरा असताना? लेका, तू घोडा आत गेला म्हणाला असतास तरी आम्ही हो म्हटलं असतं."

न्हावी खाली बसला. आपण हे कधी म्हणालो ते त्याला आठवेना. म्हणालो नाही, असंही छातीठोक सांगता येईना. डोळा आपला, पाय याचा, मग तो माणूस कोणाचा?

बाहेर रद्दीवाल्याची हाक आली. लेक खोकी उचलू लागली. न्हाव्याने घाईघाईने वरचं एक पुस्तक काढलं आणि शेवटचं पान उघडलं. ओळीखाली बोट ठेवून तो वाचू लागला. एक माणूस आला. घोड्यावरून उतरला. बूट झटकले. आणि सरळ आत जाऊन जेवायला बसला.

"आत गेला?"

"भूक लागली असेल," टपालवाला म्हणाला.

"पण असा कसा आत गेला?"

"बाबा, हे ठेवू की देऊ?"

"थांब," न्हावी म्हणाला, आणि तो का आत गेला ते बघायला त्याने एक पान मागे उलटलं. मग आणखी एक.