ऑइलचा दिवा कुणी विझवला

दुपारी चारच्या उन्हात आमच्या अंगणात चाळीसेक माणसं एका व्हॅनभोवती हात जोडून उभी होती. व्हॅनचं इंजिन चालू होतं, बॉनेट उघडं होतं आणि पांढऱ्या झब्ब्यातला एक तुकतुकीत गृहस्थ डोळे मिटून स्टेथोस्कोपनं इंजिन तपासत होता. लोक त्याला नादगुरू म्हणत.

"आलाय तो," गुरू पुटपुटला. "विचारा, आई."

माझी आई लंगडत पुढे झाली. इंजिनावर वाकून तिनं विचारलं, "बाळा, अजून दुखतंय का रे?"

इंजिनातून खडखड उठली. पत्र्याच्या डब्यात साखळी टाकून हलवावी तशी.

"हो म्हणतोय. शांत हो, लेकरा!" गुरूनं हात उंचावला आणि खडखड थांबली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक निवृत्त हेडमास्तर चक्क मान डोलावत होते.

ते 'लेकरू' म्हणजे माझा धाकटा भाऊ. चार महिन्यांपूर्वी गेला. आजारी असतानाच त्यानं हट्टानं या व्हॅनचं इंजिन उतरवून नव्यानं बांधलं होतं. पिस्टन नवे, रिंगा नव्या, टायमिंग चेनसुद्धा नवी. त्यानंतर तीन आठवड्यांत संपला. आता व्हॅन माझी भावजय चालवते. डायलिसिसच्या सहा पेशंटना दवाखान्यात नेणं-आणणं हे तिचं काम. महिन्याभरापूर्वी इंजिन गरम झालं की खडखडू लागलं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा लुकलुकू लागला. ती गॅरेजमध्ये जायच्या आधी कुणीतरी तिला नादगुरूकडे नेलं.

"जिथं विज्ञान थकतं तिथून माझी कंपनं सुरू होतात," हे त्याचं पालुपद. पहिल्याच भेटीत त्यानं निदान केलं, की नवरा इंजिनात अडकलाय. "पाना लावू नकोस. पाना लागला की त्याच्या जिवाला लागतो." मग त्याच्या चेल्यानं बॉनेटखाली दोन मिनिटं काहीतरी खुडबुड केली आणि लाल दिवा कायमचा विझला. चमत्कार! तेव्हापासून दर रविवारी आमच्या अंगणात दरबार.

मी दुसऱ्या गावी तंत्रशाळेत बावीस वर्षं इंजिनंच शिकवते. त्या दिवशी सकाळी घरी पोचले, फाटकातली व्हॅन बाजूला घ्यायला किल्ली फिरवली आणि थबकले. इंजिन सुरू होण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही. बॉनेट उघडलं. ऑइलचा दाब कमी झाला की दिवा लावणारं बटण इंजिनावर असतं. त्याची वायर कुणीतरी काढून, नीट चिकटपट्टीत गुंडाळून ठेवली होती. सहा आजारी माणसांना घेऊन ही बाई रोज घाटाच्या उतारावरून जाते आणि या हरामखोरांनी धोक्याचा दिवाच मारून टाकला होता!

मी वायर परत जोडली आणि गप्प बसले.

दुपारी चेला नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवर बसला. "माध्यम लागतं," गुरू म्हणाला. मी हळूच चेल्याच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आईनं विचारलं, खडखड झाली, आणि चेल्यासमोर लाल दिवा भक्कन लागला. तो दचकला, त्यानं दिव्यावर रुमाल टाकला. त्याच्या पायाचा अंगठा अॅक्सिलरेटरवर होता. अंगठा जरा दाबला की दिवा विझे आणि खडखड थांबे. सैल सोडला की भावाचा 'होकार'.

मी दार उघडलं. "उतर खाली."

"ताई, माध्यमाला हात लावू नका, अनर्थ होईल!" गुरू ओरडला.

"होऊ दे." मी रुमाल काढून सीटवर बसले. "मलाही भावाला एक विचारायचंय. बाळ्या, हा गुरू लबाड आहे का रे?"

पाय उचलला. खडखडखड!

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"याचा चेला चोर आहे का?"

खडखडखड!

"हे अश्रद्ध मन आहे, लहरी बिघडवतंय..."

"लहरी नाही, माझा अंगठा बिघडवतोय. या, बघा." मी एकेकाला दाराशी बोलावून दाखवलं. गरम झालं की ऑइल पातळ होतं, दाब पडतो. चेन ताणून धरणारा दट्ट्या त्याच दाबावर चालतो. दाब पडला की चेन सैल होऊन कव्हरवर आपटते. रेस वाढवली की पंप जोरात फिरतो, दाब चढतो, आवाज बंद. हेडमास्तर दोनदा पाहून गेले.

आईनं मात्र एकच विचारलं. "मी त्याला दुखतंय का विचारत होते, तेव्हा हा पाय हलवत होता?"

"हो, आई."

ती गुरूसमोर जाऊन उभी राहिली. थुंकली, त्याच्या पायाशी. गुरूनं स्टेथोस्कोप खिशात कोंबला आणि चेल्याला घेऊन चालता झाला. जाता जाता एक शेजारीण मला म्हणालीच, "म्हातारीला जरा बरं वाटत होतं, तेही तुला बघवलं नाही."

दुसऱ्या दिवशी मी आणि भावजयीनं इंजिनाखालचं ऑइलचं भांडं उतरवलं. दाब फार वाढला तर ऑइल सोडून देणारी एक झडप असते. तिच्यात वाळलेल्या सीलंटचा, म्हणजे जोड बंद करणाऱ्या लुकणाचा, तुकडा अडकला होता; झडप अर्धी उघडीच, म्हणून दाब पडायचा. भांड्याच्या जोडावर सीलंट गरजेच्या दुप्पट फासलेलं, आतल्या बाजूनं ओघळ लोंबत होते. चेनच्या सैलपणानं तिला आधार देणारी प्लास्टिकची पट्टी घासून कागदाएवढी उरली होती. ती तुटली असती तर चेन दात सोडून उडाली असती आणि इंजिन भर उतारावर बंद पडलं असतं.

भावजय त्या तुकड्याकडे बघत राहिली. "म्हणजे यांचंच चुकलं, ताई?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण खोटं सांगणारे महिनाभर येऊन गेले होते.

"चुकलं. हात थरथरत होते त्याचे, दिसलं नसेल. बाकी सगळं काम अगदी नेटकं केलंय बघ."

तिला रडू फुटलं. गुरूच्या दरबारात ती एकदाही रडली नव्हती. थोड्या वेळानं डोळे पुसून तिनं स्वतःच पाना उचलला.

झडप साफ केली, पट्टी नवी घातली, जोड मोजक्या सीलंटनं बसवला. दाबाचं मीटर लावून गरम इंजिन तासभर चालवलं. काटा खाली घसरला नाही, आवाज नाही. बुधवारी सहाही पेशंट वेळेवर पोचले.

माझं सांगणं साधं आहे. लाल दिवा लागला तर गाडी थांबवा, दिवा विझवणाऱ्याला हाकला. आणि तुमचं गेलेलं माणूस कुणी बोलवून देतो म्हणाला, तर त्याला आधी म्हणा, "उघडून दाखव." तो नको म्हणेल. तेवढ्यावरून काय ते समजा आणि उठून घरी या.